आमच्या विभागाची मूळव्याध

तीर्थरूप फुमिएमावशीस,

हिदेमासाचा कमरेत वाकून नमस्कार. गुडघे काय म्हणतात? काकांनी यंदा मुळ्याचं लोणचं घातलं का? मी खुशाल आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

झालं असं, की गेले काही महिने मला सकाळी बूट घालताना रडू यायचं. (उजवा निमूट चढायचा, डावा हातात घेतला की सुरू.) पण आमच्या फुकुओकाच्या ऑफिसात ‘थकलो’ म्हणणं म्हणजे भर बैठकीत पँट सुटण्यासारखं. म्हणून रजा मागताना मी तोकुनागासाहेबांना मूळव्याध सांगितली. साहेबांचा चेहराच पडला, कारण आमची कंपनी संडासाच्या गरम होणाऱ्या सीट बनवते. "अरे, घरी आपलीच सीट आहे ना? मग बाहेर बोलू नकोस!" रजा राहिली बाजूला, मधे भोक असलेली उशी मिळाली. नंतर जिन्यात गाठून हळूच म्हणाले, "मलाही आहे रे. फक्त माझी वरच्या मजल्यावर," आणि कपाळावर बोट ठेवलं.

बघता बघता सगळ्या विभागाला मूळव्याध झाली. हिशेबातल्या ओनिशीबाई तर भरतकाम केलेली उशी घेऊन आल्या. मुख्य कचेरी हादरली, विकलेला माल परत मागवायची भाषा सुरू झाली आणि डॉक्टर आले. त्यांनी एकेकाला पडद्यामागे नेलं आणि शेवटी मुख्य कचेरीतून आलेल्या संचालकांना सांगितलं, "इतकी निरोगी बुडं मी आयुष्यात पाहिली नाहीत."

संचालक कडाडले, "मग झालंय काय तुम्हाला?"

मावशी, कसा कोण जाणे, मी उभा राहिलो. "साहेब, मी थकलोय. फार थकलोय."

"त्याचं ऐकू नका साहेब, मूळव्याध मेंदूत चढलीय!" तोकुनागासाहेब ओरडले. (मला वाचवायलाच हो, बिचारे.) पण ओनिशीबाई उठून माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. मग तोकुनागासाहेबही उठले, कुरकुरत. मग सगळेच. संचालकांनी (डोळे त्यांचेही लालच होते) अख्ख्या विभागाला रजा दिली. कारण लिहिलं: ‘बुडांच्या उत्तम आरोग्याबद्दल बक्षीस.’

तुझा,
हिदेमासा

ता.क. आईला मात्र सांग, मला बढती मिळाली.

ता.क. हे पत्र घेऊन आलेले गृहस्थ तुमच्या गावचे स्टेशनमास्तर. मी इथेच फलाटावर बसलोय. सकाळी उतरलो, पण बाकावरून उठवतच नाही. काकांचा छोटा ट्रक घेऊन येशील? काही विचारू नकोस, नुसती ये.