पेडलवरचा पाय

प्रिय अय्याज,

अक्षर बघून दचकू नकोस, डाव्या हाताने लिहितेय. एवढं लिहायला दोन दिवस लागले. फोन केला असता, पण फोनवर तू आधी रडतोस, मग मला रडवतोस आणि शेवटी तुझंच खरं करून घेतोस. या खेपेला तू फक्त वाचायचं. टेम्पोवाले शंकरसिंगकाका आपली दारं पोचवायला राळेगावला निघालेत, त्यांच्या हाती पाठवतेय.

लोहारा गावच्या भंगारातून आपण कापसाच्या जिनिंग मशीनचा तो जाडजूड दांडा खांद्यावर टाकून आणला, आठवतं? शेजारचे वर्कशॉपवाले पोट धरून हसले होते. लाकूड घासायचं विकतचं मशीन आपल्या आवाक्याबाहेरचं, आणि हाताने घासून घासून अब्बांचे खांदे गेलेले. मी प्लायच्या चकत्या कापून दांड्यावर ओवल्या, सरस लावून आवळल्या, घासून गोल रूळ केला, वर पॉलिश पेपर गुंडाळला. विहिरीवरची बंद मोटर तू दुरुस्त केलीस. आणि पेडलही तूच केलंस, स्कूटरच्या स्टँडची स्प्रिंग लावून. पाय दाबून ठेवला तरच रूळ फिरणार, उचलला की थांबणार. तेव्हा म्हणाला होतास, “आपा, तुह्या हाताले काही झालं तं मी कोणाले तोंड दाखवू?” या चार महिन्यांत ते वाक्य मला इतक्यांदा आठवलंय की आता त्याची शिसारी येते.

तुझा राग मला नवा नव्हता. दहा वर्षांचा असताना तू माझ्यावर पटाशी फेकली होतीस, कानाजवळून गेली आणि दारात रुतली. अब्बांना मी सांगितलं, माझ्याच हातून सुटली. भिंतीवर आपटून फोडलेला रंधा, शेजाऱ्याचं फुटलेलं डोकं, सगळ्यांसाठी मी काही ना काही कारण शोधलं. आई गेल्यावर तुला मीच भरवलं होतं ना, मग तुझ्यावर पांघरूणही मीच घालायचं. मूर्ख होते मी.

मग त्या शाळेच्या बाकांचं काम आलं. हेडमास्तरांनी तू घासलेल्या फळीवरून हात फिरवला आणि सगळ्यांसमोर तुला म्हणाले, “तू राहू दे, आपाले बोलाव.” तुझा चेहरा मी पाहिला होता. वाटलं, जेवला की निवळेल.

दुपारी मी मशीनच्या मागच्या बाजूला उभी राहून नवा पेपर चढवत होते. उजवा हात रुळावर होता. तू समोर आलास, “लई माज आला तुले,” म्हणालास आणि पेडलवर पाय दाबलास. बोटं रूळ आणि मशीनच्या फळीच्या मधे ओढली गेली. आधी कातडी सोलली, मग मांस, मग हाड घासल्याचा तो आवाज. रक्ताचा फवारा तुझ्या सदऱ्यावर उडाला. मी तुझंच नाव घेऊन ओरडत होते. तू माझ्या डोळ्यांत बघत होतास, अय्याज. पहिला झटका रागाचा म्हणून माफ केला असता. पण तू पाय उचलला नाहीस. माझी हाडं अडकून मोटरमधून धूर निघाला, तेव्हा कुठे रूळ थांबला. पाय उचलायला किती वेळ लागतो रे?

तीन बोटं गेली. दवाखान्यात मी सांगितलं, माझाच पाय पेडलवर पडला, मशीनने हात ओढला. तू ‘रक्त बघवत नाही’ असं सांगून संध्याकाळच्या बसने राळेगावला फुप्पीकडे पळालास. अब्बांनी घण उचलला आणि रुळाचा भुगा केला. प्रत्येक घावाला शिव्या देत होते, लाकडाला! मी पट्टी बांधलेला हात धरून बघत राहिले. त्यांनी मला वर्कशॉपची पायरी चढू दिली नाही ती तेव्हापासून.

हेही सोसलं असतं. पण सोमवारी अब्बा म्हणाले, अय्याज शुक्रवारी येतोय, मशीन पुन्हा बांधेल, दुकान तोच बघेल, तू घरात बस बेटा. माझं डोकंच फिरलं. अब्बांना हाताला धरून वर्कशॉपमध्ये नेलं. सांगाडा आणि पेडल शाबूत होतं. त्यांना माझ्या जागी उभं केलं, हात रुळाच्या जागी ठेवायला लावला आणि म्हटलं, आता पेडल दाबा. त्यांनी पाय ताणला. पोचला नाही. पुन्हा ताणला, तोल गेला, सांगाडा धरून उभे राहिले. मग त्यांनी एकच विचारलं, त्या दिवशी पेडलच्या बाजूला कोण होतं? मी तुझ्यासाठी आजवर खोटं बोलले. या वेळी बोलले नाही.

तेव्हापासून अब्बा पेडलसमोर खुर्ची टाकून बसलेत. मांडीवर घण आहे. जेवत नाहीत, शुक्रवार कधी एवढंच विचारतात. तुझ्या रागाचं मूळ कुठलं, ते मला आता दिसलं. म्हणून हे लिहिलं. शुक्रवारी घरी येऊ नकोस. यायचंच असेल तर बसमधून उतरून सरळ पोलीस ठाण्यात जा आणि जे केलंस ते आपल्या तोंडाने सांग. मी तुला माफ केलेलं नाही, तसं समजू नकोस. तुझं डोकं फुटलेलं बघावं असं मलाही वाटलं, हे लिहायला बसेपर्यंत वाटत होतं, आणि गप्प बसले असते तर तेच झालं असतं. पण मी माझा पाय उचलतेय.

तुझीच,
जिया आपा