बारा कोरड्या फळ्या

तीर्थरूप अक्का यांना साष्टांग नमस्कार.

(साष्टांग हा शब्द माझ्या गुडघ्यांच्या सद्यःस्थितीत केवळ लेखी समजावा.) आपला रक्तदाब आटोक्यात असेल आणि साडूबुवा नवा चष्मा जुन्या चष्म्याने शोधत नसतील, अशी आशा करतो. माझी प्रकृती ठीक असून मला कशाचीही गरज नाही, हे आरंभीच नमूद करतो. गेल्या महिन्यात मी बोलता बोलता वाक्य अर्धे सोडून फोन ठेवला, त्याबद्दल क्षमस्व. कारण यथास्थळ येईल.

एकसष्टाव्या वर्षी पेशी आणि भ्रूणविकास या विषयात संशोधन करून पदव्युत्तर पदवी घेण्याचे खूळ कोठून आले, असे आपण विचारले होते. खूळ माझे नव्हे, आपल्या धाकट्या बहिणीचे. शाळेत तीस वर्षे जीवशास्त्र शिकवूनही हिला एका प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाले नव्हते: सारा देह एकाच पेशीतून होतो, तर तिच्या अमुक लेकीने हृदयच व्हावे, हे तिला सांगते कोण? सकाळच्या चहाला ही मला असे विचारी, जणू त्या नेमणुका मीच केल्या होत्या. मी वजनमापे खात्यातला माणूस. वरून आदेश येत असेल, असे म्हणून वर्तमानपत्र उघडत असे. ही गेल्यावर तो प्रश्न चहाच्या वेळी समोरच्या खुर्चीत येऊन बसू लागला. शेवटी जुनी पदवी पेटीतून काढून अर्ज केला. (अर्जात ‘पालकाची सही’ असा रकाना होता. तेथे काय लिहावे हे विचारण्यासाठी मी दोनदा रांगेत उभा राहिलो, आणि दुसऱ्या वेळी खिडकीवरच्या कारकुनाने... असो. येथे ही खाकरली असती. पुढे जातो.)

आमचे काम बोटाएवढ्या पट्टेरी माशांवर चालते. त्यांची अंडी काचेसारखी पारदर्शक असल्याने आतले हृदय घडताना दिसते. पद्धत अशी की संध्याकाळी निघताना प्रत्येक टाकीत एक नर व एक मादी सोडायची आणि दोघांच्या मध्ये पारदर्शक फळी घालायची. सकाळी आपण आल्यावर फळी काढायची, की थोड्याच वेळात अंडी पडतात. त्यानंतर पाऊण तासात, पेशी एकच आहे तोवर, तिच्यात एक द्रव्य टोचायचे. ते हृदय घडवणारा आदेश अडवते. (आदेश असतो, अक्का! वरून मात्र येत नाही, शेजारून येतो. हे हिला सांगायचे राहिले.) पाऊण तास उलटला की पेशी दुभंगते आणि दिवस वाया जातो.

माझे सलग पाच आठवडे वाया गेले. टाक्यांतले दिवे आठला आपोआप लागत, उजेड होताच अंडी पडत आणि मी दहाला सुई घेऊन पोहोचे, तोवर एकेका पेशीच्या साठेक पेशी झालेल्या. माझ्या मार्गदर्शक बाई, वयाने माझ्या पुतणीएवढ्या, हवालदिल झाल्या. त्यांनी पाणी बदलले, खाणे बदलले, दिव्यांचे घड्याळ तपासले. मी प्रत्येक तपासणीची टिपणे सुवाच्य अक्षरात ठेवली आणि गप्प राहिलो.

छडा लावला तो टाक्या सांभाळणाऱ्या मावशींनी. त्या बाराही फळ्या काखोटीला मारून सर्वांसमक्ष माझ्यापुढे उभ्या राहिल्या. “काय हो साहेब, रात्रभर पाण्यात असणाऱ्या वस्तूवर धूळ बसते का?” चौतीस वर्षे मी दुकानदारांच्या मापांचे तळ बोटाने चाचपून खोट काढली आणि शेवटी मलाच बोट दाखवणारे माणूस भेटले.

अक्का, नियम मला ठाऊक होता. आयुष्यात मोडलेला हा माझा एकच नियम. पहिल्याच संध्याकाळी मी फळी घातली, तर दोघे दोन्ही बाजूंनी काचेला नाक लावून थांबले. मला ते पाहवले नाही. फळी काढली, पुसली आणि मांडणीवर ठेवून दिली. बाईंना मी हे उभे राहून रीतसर सांगितले. त्या हसू दाबत म्हणाल्या, “अहो काका, ही काय ताटातूट आहे का? सकाळी काढायचीच असते ना ती!” मी रुमाल काढून फळ्यांवरची धूळ पुसू लागलो. मग बहुधा त्यांच्याही ध्यानात आले, कारण त्या उगाचच कपाटातल्या सरळ बाटल्या सरळ करू लागल्या.

सोमवारपासून फळ्या घालतो. (घालताना माशांना वेळ सांगतो: दहा वाजता. मावशी ऐकतात आणि ऐकले नाही असे दाखवतात.) परवा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर द्रव्य टोचूनही एका भ्रूणाचे हृदय ठकठक चालू होते. म्हणजे प्रयोग फसला. मी मात्र टाळी वाजवली.

आता पंधरा तारखेला अकरा वाजता सहामाही आढावा आहे. तीन परीक्षक, दहा मिनिटे. जो आपले काम दहा मिनिटांत सांगू शकत नाही त्याला ते कळलेलेच नाही, असे धरून त्याचे नाव कमी करतात. रंगीत तालमीत मला एकेचाळीस मिनिटे लागली आणि त्यात मासे अद्याप आले नव्हते. बाईंनी घंटा वाजवली. मी घंटेचे आभार मानून पुढे बोललो. तरी काळजी नसावी.

आपला आज्ञाधारक,
धाकट्या बहिणीचा नवरा

ता. क. फोनचे कारण राहिले. त्या दिवशी मी माशांच्या खाण्याविषयी बोलत असताना आपण खाकरलात. हुबेहूब हिच्यासारखे. माझे तोंड आपोआप मिटले आणि हाताने फोन ठेवला. घंटेने जे साधले नाही ते आपण साधलेत.

ता. क. २. म्हणून विनंती. (वर ‘कशाचीही गरज नाही’ लिहिले आहे ते खोडावे.) पंधरा तारखेला आपण यावे, तिसऱ्या रांगेत बसावे आणि नवव्या मिनिटाला खाकरावे. साडूबुवांना घड्याळ धरायला आणावे, चष्म्यासह.

ता. क. ३. कृपया एकदाच. पहिल्या खाकरण्याचा अर्थ ‘आवरा’ आणि दुसऱ्याचा ‘चला आता घरी’, असा आमच्यात पस्तीस वर्षांचा परिपाठ होता. दुसरे ऐकू आले तर परीक्षकांना तसेच सोडून मी छत्री उचलून घरी निघेन, आणि कुलूप पाहीपर्यंत माझ्या लक्षात येणार नाही.