काचेच्या तळाची बोट

३ फेब्रुवारी
जहाजावर चढलो. केबिनला खिडकी आहे, पण तिच्यासमोर लाईफबोट टांगलेली. तिच्या पोटाशिवाय काही दिसत नाही. चालायचंच. आपण खिडकीत बसायला थोडेच आलोय?

हिला समुद्रातले रंगीत मासे बघायचेत. एवढ्या संसारात हे एकच तोंडाने मागितलं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, काय दाखवायचं ते लवकर दाखवा. डॉक्टरांना घाबरवायची सवयच असते. नंबर वाढलाय, दुसरं काय!

बंदरं तीन. काचेच्या तळाची बोट तिन्हीकडे. जहाजवाल्यांची सहल घ्यायची नाही. झेंडेवाल्या बाईमागे मेंढरांसारखं कोण फिरणार? प्लॅनिंग माझं. मुलगा म्हणाला, बाबा, त्यांचीच घेऊ या ना. म्हटलं, तुझा बाप अजून जिवंत आहे. सूनबाई पुटपुटली, म्हणूनच तर भीती वाटते. गोड पोर आहे.

५ फेब्रुवारी
पहिलं बंदर. नकाशा पाठ होता. बोटीचा धक्का डावीकडे. डावीकडे सिमेंटचं गोदाम निघालं. नकाशा उलटा धरून पाठ केला होता. पाठांतरात चूक नव्हती. वॉचमन भला माणूस, सगळ्यांना पाणी दिलं. ही पायरीला अडखळली. चप्पल नवी आहे.

७ फेब्रुवारी
दुसरं बंदर. दुपारी पाणी नितळ असतं, असं मी स्वतः वाचलंय. म्हणून सकाळची बोट मुद्दाम सोडली. दुपारी वारा सुटला, पाणी गढूळ. बोटवाला बोट बांधून झाडाखाली घोरत पडला. ही म्हणाली, अहो, सकाळीच गेलो असतो तर... पुढचं बोलली नाही. समजूतदार आहे.

जेवताना तिने पाणी ग्लासाच्या बाजूला ओतलं. जहाज हलतं फार.

९ फेब्रुवारी, सकाळ
शेवटचं बंदर. आज चूक शक्यच नाही. केबिनच्या दारावर कागद लावलाय: जहाजाची वेळ बदलत नाही, घड्याळं तशीच ठेवा. असले कागद नवख्यांसाठी. ज्या गावात जावं त्या गावची वेळ लावावी. सगळ्यांची घड्याळं तासभर मागे केली. मोबाइल केबिनमध्येच ठेवायला लावले. सहलीत माणसांनी एकमेकांशी बोलावं.

संध्याकाळ
धक्का सापडला. बोट सापडली. पाणी अगदी आरसा. ही पुढे बसून काचेवर वाकली. बोटवाल्याने दोर सोडला आणि जहाजाचा भोंगा झाला. माझ्या घड्याळात तास बाकी होता. जहाजाच्या घड्याळात नव्हता. मुलगा ओरडला, उतरा आधी! आईला हाताला धरून पळाला. शिडी काढता काढता चढलो.

मुलगा बोलत नाही. सूनबाई बोलते, पण हिच्याशीच. ही म्हणाली, काचेत पिवळं काहीतरी हललं गं. सूनबाई म्हणाली, मासाच तो, आई. मीही म्हटलं, मासाच.

सूनबाईची टोपी पिवळी आहे.

१० फेब्रुवारी
परतीचा प्रवास. पुढच्या वर्षीचं माहितीपत्रक मागून आणलं. तीच बंदरं. यंदाच्या अनुभवाने प्लॅन पक्का झालाय. घड्याळाला हात लावायचा नाही.

ही खिडकीत बसलीय. विचारलं, अहो, बाहेर समुद्रच आहे ना? म्हटलं, समुद्रच. पत्रक तिच्या हातात दिलं. तिने चाचपलं, परत माझ्याकडे दिलं. म्हणाली, तुम्हीच वाचा. मासे कुठल्या कुठल्या रंगांचे, तेही वाचा.

पत्रकात रंग दिलेले नाहीत. मीच सांगत बसलो.