खळीची वाटी

मंगळवार, संध्याकाळ

आज दुपारी गेलेल्या बाबांचं पुण्यानुमोदन, आदरांजलीचा कार्यक्रम झाला. अर्जुनीच्या कोर्टातले वकील बोलले, फौजेतले जुने सोबतीही बोलले. शिस्तप्रिय, कुटुंबवत्सल... मी नुसती ऐकत बसले. रडू का येत नाही मला?

आत्ता भात निथळला आणि पेज वाटीत काढून ठेवली. ही बाबांची वाटी. वकिलीच्या गळ्यातल्या पांढऱ्या पट्ट्यांना ते रोज स्वतः या पेजेची खळ द्यायचे, फौजेत वर्दीला द्यायचे तशी. उरलेली खळ माझ्या शाळेच्या गणवेशाला. कडक कॉलरनं मान सोलायची. कुरकुरले की म्हणायचे, "मंग मान हालवू नोको."

"पेज कायले ठेवली?" आईनं विचारलं.

हात सवयीनं चालला होता.

तिनं खुंटीवरच्या पट्ट्या काढून आणल्या आणि वाटीत बुडवल्या. मी त्या पिळून तारेवर टाकल्या, लावायला चिमटा हातात घेतला.

"चिमटा नोको लावू, निशाण पडते," आई म्हणाली. "त्याईले चालत नाही."

चालत नाही, म्हणाली.

हे लिहितेय तरी चिमटा माझ्या डाव्या हातातच आहे.