शांताच्या बांगड्या

सोलापूर, मंगळवार संध्याकाळ, १९७४

आज माझा मलाच अभिमान वाटतोय. लिहायला लाज कसली?

केम गावची शांता माझ्या गोळ्यांनी भ्रमातून बाहेर आली, पण तिची पाळी थांबली. सासूला वाटलं, दिवस गेले. तिनं हौसेनं सुनेला हिरव्या बांगड्या भरल्या. तपासणीत काहीच निघालं नाही, तेव्हा त्याच बांगड्या उतरवून घेतल्या आणि घरात सवत आणायचं बोलणं सुरू झालं. हे मला कळलं दोन महिन्यांपूर्वी, तेही मी विचारलं म्हणून. आधीच का नाही विचारलं मी?

"डोक्याच्या डाक्टरला पाळीचं काय सांगायचं?" सासू म्हणाली.

मी सांगितलं, दोष सुनेचा नाही, माझ्या गोळ्यांचा आहे. गोळ्या कमी केल्या. आजार उलटेल या धास्तीनं तिला दर आठवड्याला बोलावलं.

बाळंतपणाच्या वॉर्डातले डॉक्टर हसले, "बाई, हे आमचं खातं." असेल. प्रश्न मात्र मी विचारला!

आज शांता एकटीच आली. "पाळी आली की, बाई!" हातात लाल बांगड्या.

"सासूनं हिरव्या परत नाही दिल्या?"

"त्या सासूच्या हौशीच्या. ह्या माज्या, मीच भरल्या."