टेबलावरचा फोन ठेवू नका

बाबा,

टेबलावरचा फोन बंद करू नका. त्यातून वाजतंय ते प्रिंटरवाल्या कंपनीचं गाणं आहे. दुपारपासून त्यावरच ताटकळत ठेवलंय मला. मधूनच एक बाई म्हणते, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. तिच्यावर चिडून उपयोग नाही, ती रेकॉर्ड केलेली आहे.

सोन्याच्या भावाची नवी पिवळी शाई घातली, तरी मेला प्रिंटर म्हणतो पिवळी संपली. आणि पिवळी नाही तर काळंही छापणार नाही, म्हणून अडून बसलाय. तुमचे बोलायच्या सरावाचे कागद तर नुसते काळेच असतात. ते कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणते.

तेवढ्यात खरं माणूस फोनवर आलं, तर तुम्हीच बोला. आजारपणानंतर तुम्ही फोनच्या वाटेला जात नाही, मला ठाऊक आहे. "पिवळी शाई" एवढं म्हणालात तरी पुरे. मध्येच शब्द पुरवायला मी तिथे नसेन, ते बरंच आहे. शब्द अडला तर अडू द्या. आपण त्यांच्यासाठी अख्खी दुपार थांबलोय. तुमच्या एका वाक्यासाठी त्यांनाही थांबू द्या.

तुमची भिंगरी