बाबांच्या गाडीवरचे ओरखडे

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (टेबलावर बाबांनी गाडी पुसायची फडकी वाळत घातली आहेत, वाकायला जागा नाही, तेव्हा बसल्या जागेवरून केलेला गोड मानून घे.) तुझा गुडघा काय म्हणतो? जिना उतरताना तो बोलतो आणि चढताना गप्प बसतो असं तू सांगितलंस, म्हणजे आमच्या घरातल्या माणसांपेक्षा समजूतदारच म्हणायचा. इकडे सगळं ठीक. बाबांचा खांदाही ठीक, म्हणजे हात खांद्याच्या वर जात नाही, पण भांडायला तेवढा पुरतो. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. मी तुझ्याशी फोनवर बोलायला लागले की बाबा समोर खुर्ची ओढून बसतात, आणि त्यांच्याविषयी त्यांच्या तोंडावर बोलणं मला अजून जमलेलं नाही.

तर झालं असं. बाबा गाडी कशी धुतात ते तू पाहिलंयस. एक बादली साबणाची, एक साध्या पाण्याची, आणि फडकं एकदा का जमिनीवर पडलं की ते बाद. (त्याची बदली स्वयंपाकघरात होते, माझा ओटा सध्या अशा बडतर्फ फडक्यांवरच चालतो.) जन्मभर चष्म्याच्या काचा घासलेला माणूस, ओरखडा हा त्यांचा वैरी. दुकानात कुणी शर्टाच्या टोकाने चष्मा पुसला, की त्याने लेकराच्या थोबाडीत मारल्यासारखे बाबा त्याच्याकडे बघत. आता खांदा आखडल्यापासून धुणं बंद आणि आमच्या काळ्या गाडीवर पाखरांनी आपलं नकाशाकाम सुरू केलेलं. मी म्हटलं, ऑटोमॅटिक मशीनमध्ये धुऊन आणू. त्यावर बाबांनी व्याख्यान दिलं. मशीनचे ब्रश म्हणजे आधीच्या गाडीची वाळू आपल्या गाडीच्या अंगावर, आणि ती गोल फिरवून, म्हणजे रंगावर चक्रं काढून. आमच्या ह्यांनी मध्येच तोंड घातलं, की हल्लीचे ब्रश मऊ असतात, आधी पाण्याने माती नीट उडवली आणि ब्रश स्वच्छ ठेवले तर फारसं काही होत नाही, उलट हाताने कचकचून घासल्यानेच रंग जास्त खराब होतो. शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. त्यानंतर बरेच दिवस बाबा त्यांच्याशी फक्त मीठ मागण्यापुरतं बोलले.

शेवटी पाखरांनीच निकाल लावला आणि बाबा 'नुसतं बघायला' म्हणून माझ्याबरोबर निघाले. गाडी अर्थातच त्यांनी चालवली. मशीनवाला गमबूट घातलेला, शांत स्वभावाचा माणूस होता, आणि त्या दिवशी तो स्वभाव त्याला पुरेपूर लागला. बाबांनी खिशातून चष्म्याची एक सुटी काच काढली (असते त्यांच्या खिशात, विचारू नकोस), ती ब्रशवर घासली, उजेडात धरली, पुन्हा घासली. मागे गाड्यांची रांग, हॉर्न सुरू. बाबांनी काच डोळ्यांपासून लांब धरली, जवळ धरली आणि म्हणाले की चालेल, पण आधी पाणी भरपूर मारा. त्या बिचाऱ्याने ते दोनदा मारलं.

मग आम्ही दोघं आत. काचांवर फेस चढला, सगळं पांढरं आणि मंद झालं, दोन्ही बाजूंनी ब्रश फिरू लागले. बाहेरचं काही दिसत नव्हतं आणि करण्यासारखंही काही नव्हतं. अशा रिकाम्या वेळात आम्ही बापलेक शेवटचे कधी एकत्र बसलो होतो, मला आठवेना. बाबा हळूच म्हणाले, "तुझी आई असती तर तिने काच खाली करून बघितलं असतं." आणि आम्ही दोघंही इतके हसलो की गाडी बाहेर आलेली कळलंच नाही.

बाहेर लख्ख ऊन होतं. बाबा उतरले, बॉनेटवर वाकले आणि म्हणाले, "गेला रंग." त्यांना बॉनेटभर पांढुरकं धुकं दिसत होतं, उन्हाच्या तिरिपेभोवती बारीक कड्यांची जाळी दिसत होती. मला दिसेना. मशीनवाला गुडघ्यांवर बसून बघू लागला, त्यालाही दिसेना. बॉनेटवर पुसट चक्रं होती, पण ती जुनी, फडक्याची. ती मी कधीपासून पाहते आहे. बाबा त्याला ऐकवू लागले, आणि ऐकवता ऐकवता वाक्याच्या मध्येच थांबले. त्यांनी तळहाताने डावा डोळा झाकला. मग तो उघडून उजवा झाकला. मग शेजारी उभ्या असलेल्या परक्या गाडीपाशी गेले आणि तिथेही तेच केलं. आत्या, दुकानात काउंटरपलीकडे बसून 'आता हा डोळा झाका' असं ते गिऱ्हाइकांना सांगत, ते ऐकत मी मोठी झाले. त्यांना कुणी सांगताना पाहिलं नव्हतं. इथेही कुणी सांगितलं नाही.

परत येऊन त्यांनी मशीनवाल्याची नीट माफी मागितली, आणि गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. घर जवळ आल्यावर म्हणाले, "उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. बराच आहे." आणि जरा वेळाने, "गाडी चांगली धुतली त्यांनी."

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच घोळतंय. खांदा आखडण्याआधी वर्षभर ते बॉनेट पूर्वीपेक्षा जास्त घासत होते. मला वाटायचं, वय झालं, हट्ट वाढला. ते नसलेलं धुकं पुसत होते, आणि खांदा त्यातच गेला असावा. ती चक्रंही त्यातूनच उमटली असणार. म्हणजे मशीनने रंग जातो का, या वादात आमच्या गाडीपुरते आमचे हेच बरोबर निघाले, पण ही गोष्ट मी ह्यांना सांगितलेली नाही आणि तूही सांगू नकोस. बरोबर निघालेला नवरा घरात सांभाळणं फार अवघड.

बाकी विशेष काही नाही. गुडघ्याला जप.

तुझी भाची

ता. क. — विशेष आहे. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करून टाका. बाबा म्हणतात, बघू. एवढ्यात काय घाई आहे, असं स्वतः कुठल्याही गिऱ्हाइकाला म्हणू न देणारा माणूस 'बघू' म्हणतो, याचं कारण तू. तुझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची जी हकिगत तू त्यांना रंगवून सांगितलीस (डोळ्यात सळई, डोक्यात घण, आठवडाभर मिट्ट काळोख), ती कृपा करून मागे घे. मी तिथे होते. त्याच संध्याकाळी तू चहात साखर कमी म्हणून नर्सला बोलत होतीस आणि समोरच्या इमारतीवरची पाटी वाचून दाखवत होतीस. फोन कर आणि खरं काय ते सांग. एवढ्यासाठीच हे पत्र.

ता. क. २ — बाबांनी पकडलं. कुणाला लिहितेस म्हणाले, वाचून दाखव म्हणाले. दाखवलं, थोडं गाळून. त्यांना खाली चार ओळी लिहायच्या आहेत, आणि पाकीट तेच चिकटवणार आहेत म्हणे.

ताई,

ओळी वरखाली गेल्या तर सांभाळून घे. हिने वाचताना गाळलं ते मला कळलं, आणि काय गाळलं असेल त्याचाही अंदाज आहे. तुझ्या ऑपरेशनची गोष्ट मी तेव्हाही खरी धरली नव्हती. तू कशी सांगतेस ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. तेव्हा फोन करून काही दुरुस्त करू नकोस. पुढच्या महिन्यातली तारीख घेतो. घाबरण्यासारखं यात काही नसतं, असं मी लोकांना सांगत आलो. ते खरंच आहे, पण काउंटरच्या आतल्या बाजूने सांगायला सोपं होतं. तू ये. आत सोडणार नाहीत, बाहेर बाकावर बस. शाळेत असताना माझी दाढ काढली तेव्हा बसली होतीस तशी. काही बोलायला नको. तू बाहेर आहेस एवढं मला आत माहीत असलं म्हणजे झालं.